उतारा : शेतीचा, पैशाचा आणि विद्येचा



काही शब्द असे असतात की ते रोज कानांवर पडतात, परंतु त्यांच्या अर्थाचा विचार करण्याची पाळी क्वचितच येते. 'उतारा' हा असाच एक शब्द होय. आमच्या घाटनांदूर गावी सुगीच्या दिवसांत दोन शेतकरी भेटले म्हणजे पहिला प्रश्न होतो, "यंदा उतारा काय पडला?" साखर कारखान्याची गोष्ट निघाली की तेथेही उतारा. तलाठ्याकडे गेलो तर सातबाराचा उतारा. शाळेत आलो तर "खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा." विंचवाच्या विषावर उतारा, आणि अमावास्येला तिकाटण्यावर लिंबू व भात ठेवतात तोही उतारा. एवढेच काय, पण परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या गाडीतून आपल्या स्थानकावर जे उतरतात त्यांस आपण उतारू म्हणतो, तेही ह्याच कुळातले. ह्या सर्वांच्या मुळाशी 'उतरणे' हा एकच धातू आहे. शेतातून जे खळ्यात उतरते, मोठ्या दप्तरातून जे कागदावर उतरते, ग्रंथातून जे पाठात उतरते, ते ते उतारा.

ह्या लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो ह्यांपैकी पहिल्या अर्थाचा, म्हणजे घातले किती आणि निघाले किती, ह्या हिशेबाचा. इंग्रजीत ह्यास 'यील्ड' म्हणतात, आणि तो शब्द शेतकरी, सराफ व बँकवाला हे सारखाच वापरतात. आपल्या जिल्ह्यातील पालकांच्या दृष्टीने हा केवळ भाषेचा प्रश्न नव्हे. मुलाच्या शिक्षणाकरिता साठविलेले पैसे कोठे ठेवावे, आणि मुळात मुलास शाळेत ठेवावे की दिवाळीनंतर उसाच्या फडावर न्यावे, हे दोन्ही प्रश्न शेवटी उताऱ्याचेच आहेत. यास्तव थोडा त्रास घेऊन हा पाठ समजून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

प्रारंभीच एक सूत्र सांगून ठेवतो. उतारा हा नुसता आकडा नसून ते एक प्रमाण आहे. म्हणून कोणी उताऱ्याचा आकडा सांगितला की त्यास तीन प्रश्न विचारावेत : कशामागे? किती काळात? आणि कोणाच्या भरवशावर? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय आकडा कितीही मोठा असला तरी त्याचा अर्थ लागत नाही.

१. शेतातील उतारा : कशामागे?

आपल्या भागातील दोन पिके घेऊ. रब्बी ज्वारीस एकरी साधारणपणे ४ किलो बियाणे लागते. बरे वर्ष असले व एकरी ४ क्विंटल ज्वारी झाली, तर एका दाण्याचे शंभर दाणे झाले. सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणे लागते. एकरी ६ क्विंटल सोयाबीन झाले, तर एकाचे वीस झाले. आता उतारा कोणाचा अधिक? बियाण्यामागे पाहिले तर ज्वारीचा पाचपट अधिक. एकरामागे पाहिले तर सोयाबीनचा दीडपट अधिक. रुपयांत मोजले तर त्या वर्षीच्या बाजारावर अवलंबून. आणि ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत तो म्हणेल, "ज्वारीचा कडबा तुम्ही धरलाच नाही!" चौघांचेही बरोबर आहे, कारण चौघांनी निरनिराळ्या गोष्टीमागे मोजले.

पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यास पहिली अडचण बियाण्याचीच असे, म्हणून जुने लोक बियाण्यामागे मोजीत. शुभवर्तमानातील पेरणाऱ्याच्या दृष्टांतात तीसपट, साठपट व शंभरपट पिकाचा जो उल्लेख आहे तो ह्याच रीतीचा. जमिनीची वाटणी होऊन ती कमी पडू लागली तेव्हा माणूस एकरामागे मोजू लागला. आज मराठवाड्यात खरी तूट आहे ती पाण्याची, म्हणून पाण्यामागे मोजण्याची वेळ आली आहे. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, आणि आपल्या जिल्ह्याची पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्याही आतबाहेर. एकरामागे उसाइतका पैसा देणारे दुसरे पीक विरळा, परंतु पाण्यामागे मोजले म्हणजे ज्वारी, तूर व करडई ह्यांची मान ताठ होते. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा हा हिशेब लहान मुलासही कळला. तात्पर्य, ज्या वस्तूची टंचाई असेल तिच्यामागे उतारा मोजावा. विपुल असेल तिच्यामागे मोजला तर हिशेब सुंदर दिसतो आणि घर बुडते.

सरकारही उतारा मोजते. आपल्या आजोबांच्या काळी पीक आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. ह्यास आणेवारी म्हणत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि कालांतराने आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली म्हणजे गाव टंचाईचे समजावयाचे, हे पालकांस ठाऊक आहेच. ही पैसेवारी एकदम ठरत नाही. आधी उभ्या पिकाकडे पाहून नजरअंदाज पैसेवारी काढतात, पुढे सुधारित, आणि प्रत्यक्ष कापणीचे प्रयोग झाल्यावर अंतिम. नजरअंदाजात हिरवेगार दिसलेले पीक कापणीत पोचट निघू शकते, आणि उलटही घडते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. शेवटी तिचा आम्हांस उपयोग आहे.

पीकविम्याची गोष्टही अशीच. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत 'उंबरठा उत्पन्न' म्हणून एक आकडा असतो. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिचा ठराविक हिस्सा, उदाहरणार्थ शेकडा ७०, हा उंबरठा धरतात. मंडळाचा प्रत्यक्ष उतारा उंबरठ्याच्या खाली गेला तर भरपाई मिळते. येथे उतारा एका शेताचा नसून साऱ्या मंडळाचा मोजला जातो. म्हणून कित्येकदा ज्याचे शेत खरोखर बुडाले तो रिकाम्या हाती राहतो, कारण शेजाऱ्यांचे पीक चांगले आले. सरासरी ही उपयोगी वस्तू आहे, पण तिला एकट्याचे दुःख दिसत नाही.

२. साखरेचा उतारा : किती काळात?

आता शेतातून कारखान्यात जाऊ. शंभर किलो ऊस गाळला म्हणजे साखर निघते दहाअकरा किलो. ह्यासच साखरेचा उतारा म्हणतात. बाकीचे गेले कोठे? सुमारे तीस किलो भुसा म्हणजे बगॅस, चार किलोच्या आसपास मळी, तीनचार किलो गाळाचा चोथा, आणि उरलेले बहुतेक पाणी. बगॅस जाळून कारखान्याचे बॉयलर चालतात व वीज होते, मळीपासून मद्यार्क व इथेनॉल होते, आणि गाळ शेतात खत म्हणून जातो. म्हणजे जे उताऱ्यात धरले नाही तेही वाया गेले असे नाही.

उसाचा किमान दर ह्या उताऱ्यावर बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामाकरिता केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा दर ठरविला, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे वाढ ठेवली. म्हणजे कारखान्याचा उतारा एका टक्क्याने वाढून ११.२५ झाला, तर टनामागे ३५५० रुपयांचे ३८९६ रुपये होतात. तोडणी व वाहतुकीचा खर्च ह्यातूनच वजा होतो. दशांशचिन्हापुढील अंकास आळसाने गाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण वहीत उतरून ठेवावे. त्या एका अंकात किती कुटुंबांची दिवाळी असते!

परंतु ह्या उताऱ्यात काळाचा मोठा वाटा आहे. ऊस कोवळा तोडला तर साखर भरलेली नसते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर त्यातील साखरेचे विघटन होऊन ती कमी होत जाते, म्हणून तोडलेला ऊस एका दिवसाच्या आत गाळला जावा असे सांगतात. फार लवकरही नाही आणि फार उशिराही नाही. पीक तेच, जमीन तीच, कष्ट तेच, पण वेळ चुकली की उतारा उतरला.

३. पैशाचा उतारा : कोणाच्या भरवशावर?

पैशाच्या उताऱ्यास आपण व्याज, लाभांश किंवा परतावा म्हणतो. त्यातही काळाचा प्रश्न आधी येतो. आपल्याकडे सवाईदिढीची जुनी चाल होती. पेरणीला एक पोते धान्य घ्यावयाचे आणि सुगीला सव्वा पोते परत करावयाचे ती सवाई, दीड पोते परत करावयाचे ती दिढी. सवाई म्हणजे शेकडा पंचवीस, असे ऐकताना फार वाटत नाही. परंतु हे पंचवीस सहा महिन्यांचे आहेत. तेच पोते वर्षभर फिरले तर शंभराचे एकशे सव्वाछप्पन्न होतात. दिढीचे तर वर्षात शंभराचे दोनशे पंचवीस! काळ न विचारता आकडा मान्य केल्यामुळे किती जमिनी सावकाराच्या घशात गेल्या ह्याची गणती नाही. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि पुढे १८७९ साली सरकारास त्याकरिता कायदा करावा लागला, तो ह्या हिशेबाचाच शेवट होता.

दुसरे उदाहरण सरकारी रोख्याचे. समजा, १००० रुपयांच्या रोख्यावर दरसाल ७० रुपये व्याज मिळते. तो १००० रुपयांसच घेतला तर उतारा शेकडा ७. बाजारात तोच रोखा कोणास ८७५ रुपयांस मिळाला तर व्याज ७० रुपयेच, पण उतारा शेकडा ८ झाला. आणि १४०० रुपयांस घेतला तर उतारा शेकडा ५ च राहिला. रोख्याचा भाव उतरला की उतारा चढतो, भाव चढला की उतारा उतरतो. प्रथम ऐकताना हे उलटे वाटते, परंतु प्रमाण म्हणजे काय हे ज्यास समजले त्यास ह्यात नवल नाही.

येथूनच तिसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. रोख्याचा भाव का उतरतो? कधी बाजारातील व्याजाचे दर वाढतात म्हणून, आणि कधी लोकांस पैसे परत मिळण्याची शंका येते म्हणून. ह्या दुसऱ्या प्रसंगी जो अधिक उतारा दिसतो, तो मेहनतीचे फळ नसून भीतीची किंमत असते. जो इतरांपेक्षा पुष्कळ अधिक व्याज देऊ करतो, त्यास कमी व्याजाने कोणी पैसे देत नाही, असाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

पालकांनी ह्या ठिकाणी क्षणभर थांबावे. २०२३ सालापासून आपल्या बीड जिल्ह्यातील काही बहुराज्य सहकारी पतसंस्थांनी ठेवी परत देणे थांबविले. गुन्हे नोंदले गेले, आणि हजारो ठेवीदार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले. त्यांत निवृत्त शिक्षक होते, भाजीवाल्या बाया होत्या, मुलीच्या लग्नाकरिता किंवा मुलाच्या महाविद्यालयाकरिता पैसा साठविणारे शेतकरी होते. ह्या लोकांस मूर्ख म्हणणे हा अन्याय होईल. ज्याच्या कमाईत महागाई रोज भोक पाडते त्यास दोन टक्के अधिक मिळावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि 'कोणाच्या भरवशावर?' हा प्रश्न विचारावयाचा राहिला. १९६० साली लक्ष्मी बँक व पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १९६२ पासून देशात बँकांच्या ठेवींचा विमा सुरू झाला, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेत दर ठेवीदारास त्याची मर्यादा ५ लाख रुपये करण्यात आली. सहकारी बँकांसही तो लागू आहे. परंतु पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्या ठेवींस हा विमा नाही. पाटीवर 'सहकारी' हा शब्द आणि आत काचेचा दरवाजा एवढ्यावरून दोहोंतला फरक दिसत नाही. तो विचारूनच कळतो.

बचतीचा उतारा ताडून पाहण्यास एक सोपी युक्ती आहे. ७२ ह्या संख्येस व्याजाच्या दराने भागावे, म्हणजे रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारणपणे निघतात. टपाल कार्यालयातील किसान विकास पत्राचा दर १ एप्रिल २०२३ पासून ७.५ टक्के ठरला. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, आणि सरकारने सांगितलेली मुदतही ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिनेच आहे. हीच पत्रे १९८८ साली निघाली तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होत, म्हणजे त्या वेळचा दर तेरा टक्क्यांच्या घरात होता. ही युक्ती ज्या मुलास येते त्याच्या घरी कोणी 'तीन वर्षांत दुप्पट' म्हणत आला, तर तो मुलगा पाटीवर २४ लिहून दाखवील आणि विचारील, "काका, वर्षास शेकडा २४ प्रमाणे द्यावयास तुम्ही असा कोणता धंदा करता?"

४. लोकांच्या तोंडचा उतारा

'दामदुप्पट' हा शब्द आज जाहिरातींत आमिष म्हणून वापरतात, परंतु त्याचा मूळ अर्थ अगदी उलट होता. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. कितीही वर्षे लोटली तरी सावकारास एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये, असा त्याचा आशय. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानीत. म्हणजे जो शब्द गरिबाच्या रक्षणाकरिता घातलेले कुंपण होता, तोच आता गरिबास आत ओढण्याचे जाळे झाला. शब्दांचे असे अधःपतन झालेले दिसले की समाजाच्या मनाचीही परीक्षा होते.

सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबडीची गोष्ट आपण प्राथमिक शाळेत शिकतो. तरीही २०१९ साली सांगलीकडे कडकनाथ कोंबड्यांचा प्रकार उघडकीस आला. पिले घ्या, वाढवा, अंडी व कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे वचन देण्यात आले होते. वचन मोडले, आणि शेतकऱ्यांच्या दारात खाद्य मागणाऱ्या कोंबड्या तेवढ्या राहिल्या. कोंबडी खरी होती, अंडीही खरी होती. खोटा होता तो भाव. २००६ साली निघालेल्या 'फिर हेरा फेरी' ह्या चित्रपटात पैसे दुप्पट करून देणारी मंडळी नायकास फसवून पसार होतात, आणि ते पाहून प्रेक्षक पोट धरून हसतात. पडद्यावर जे हास्यास्पद वाटते ते आपल्या दारी आले की पूज्य का वाटते, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा.

मटक्याचेही तसेच. आरंभी हा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत चाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात आकडे चिठ्ठ्यांनी व पत्त्यांनी काढू लागले. कापूस पिकविणारे आमचे शेत, आणि त्याच्या भावावर पैज लावणारा भलताच! ह्यातला उतारा आमच्या सातवीच्या मुलासही काढता येईल. शून्यापासून नवापर्यंत दहा आकडे. एका आकड्यावर एक रुपया लावला आणि तो आकडा आला तर साधारणपणे नऊ रुपये मिळतात. शंभर माणसांनी दहा आकड्यांवर सारखे मिळून शंभर रुपये लावले, तर दहा जणांस नव्वद रुपये मिळाले आणि दहा रुपये चालविणाऱ्याच्या खिशात गेले. म्हणजे रुपयामागे दहा पैशांची तूट, आणि तीही दर डावास. ज्या शेतात दरवर्षी बियाण्याहून कमी धान्य निघते, ते शेत कोणी कसील काय? मोबाइलवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांची जातही हीच, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांविरुद्ध कायदा केला. तथापि ज्यास गणित येते त्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

५. विद्येचा उतारा

आता मुख्य विषय. शिक्षणास उतारा आहे काय? अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, आहे. शिक्षण हा खर्च नसून माणसात घातलेले भांडवल आहे, हा विचार सविस्तर मांडणारे थिओडोर शुल्ट्झ ह्यांस १९७९ साली आणि गॅरी बेकर ह्यांस १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निरनिराळ्या देशांतील पाहणींवरून असे दिसले आहे की, शाळेचे एक वर्ष अधिक झाले म्हणजे माणसाच्या कमाईत सरासरीने शेकडा नऊच्या आसपास वाढ होते. हा उतारा टपाल कार्यालयातील दराहून कमी नाही, आणि ही ठेव घेऊन कोणी पळून जाऊ शकत नाही.

परंतु आमचे तीन प्रश्न येथेही विचारले पाहिजेत.

कशामागे? निकालाच्या दिवशी पालक टक्केवारी विचारतात. शेजारचे लातूर १९९० नंतरच्या दशकात परीक्षांतील यशामुळे राज्यभर गाजले, आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द घरोघरी गेला. त्या यशामागील मेहनतीचा आम्हांस आदर आहे. परंतु टक्के हे कशामागे मोजले? एका मुलास घरी दिवा, पुस्तके आणि शिकलेली आई आहे. दुसरा दोन कोस चालून येतो, परत जाऊन म्हशीस पाणी पाजतो, आणि त्याच्या घरात अक्षर ओळखणारा तो पहिलाच आहे. पहिल्यास ८५ आणि दुसऱ्यास ६० टक्के पडले, तर कोणाचा उतारा अधिक? बियाणे व जमीन पाहिल्याशिवाय पिकाची तुलना करू नये, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तेच त्याने आपल्या मुलाच्या बाबतीत विसरू नये.

किती काळात? गुणपत्रिका ही विद्येची नजरअंदाज पैसेवारी होय. अंतिम पैसेवारी पुष्कळ वर्षांनी लागते. त्या दिवशी परीक्षक शाळेतला नसतो. बाजारात हिशेब करताना, सहीपूर्वी कागद वाचताना, आजारी मुलाच्या औषधाच्या बाटलीवरील अक्षरे लावताना, आणि कोणी खोटे आमिष दाखविले असता मान हलविताना ही कापणी होते. नजरअंदाजात कमी पडलेल्यांनी खचू नये, आणि जास्त पडलेल्यांनी फुगू नये.

कोणाच्या भरवशावर? हा प्रश्न शिक्षकांस व समाजास आहे. जोतीराव फुले ह्यांनी पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात मोठा मुद्दा उताऱ्याचाच होता. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचे फळ मात्र वरच्या वर्गांस मिळते, अशी त्यांची तक्रार होती. पीक एकाचे आणि उतारा दुसऱ्याच्या खळ्यात! म्हणून प्राथमिक शिक्षण सर्वांस मिळावे असा त्यांचा आग्रह होता. तो हिशेब अजून पुरता मिटला आहे असे आम्हांस वाटत नाही.

ह्याचा पुरावा दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या वर्गांत दिसतो. हजेरीपटावरील नावे राहतात आणि बाके रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको मिळून एक 'कोयता' ऊसतोडीस जातो, आणि त्याच्याबरोबर मुलेही जातात. थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो. चैत्राच्या सुमारास ती परत येतात तेव्हा वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. उचल आणि उतारा हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. उतारा म्हणजे पेरल्यानंतर जे येते ते, आणि उचल म्हणजे पेरण्यापूर्वीच घेतलेले पीक. आईबापांची उचल हंगामाअखेर फिटेलही, परंतु मुलाच्या बुडालेल्या महिन्यांची फेड कोण करणार?

आम्ही हे कोणास दोष देण्याकरिता लिहीत नाही. ज्याच्या घरात आज दाणा नाही, त्यास वीस वर्षांनी येणाऱ्या पिकाची गोष्ट सांगणे सोपे असते. तथापि मार्ग अगदीच नाही असेही नाही. आपल्या जिल्ह्यात अशा मुलांकरिता हंगामी वसतिगृहे चालविण्यात आली आहेत. २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींकरिता वसतिगृहांची योजना मंजूर केली. कित्येक घरांत आजीआजोबा आहेत. पालकांस आमची एवढीच विनंती की, गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर दसऱ्यापूर्वी एकदा वर्गशिक्षकांस भेटावे. मुलाची, आणि विशेषेकरून मुलीची, सोय कोठे होईल ह्याचा विचार मिळून करू. मुलीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. शिकलेल्या आईची मुले अधिक जगतात व अधिक शिकतात, असे जगभर दिसून आले आहे. इतर सर्व पिके एका हंगामाची, परंतु हे पीक पुढच्या पिढीच्या शेतातही उगवते.

विद्यार्थ्यांस एकच सांगणे. तुमच्या आईबापांनी तुमच्यावर जे घातले आहे ते फीच्या पावतीवर पूर्ण लिहिलेले नसते. त्यात आईने न घेतलेले लुगडे आहे, बापाने पुढे ढकललेले डोळ्यांचे औषध आहे, आणि तुमचे दोन हात घरकामास न लावता शाळेस दिले हा मोठा त्याग आहे. ह्या बियाण्यामागे तुम्ही काय उतारा देणार, ते नुसत्या पगाराच्या आकड्यावर ठरणार नाही. गावात कोणी फसविला जात असता त्यास कागद वाचून दाखविलात, धाकट्या भावंडास अपूर्णांक शिकविलात, तर तोही उतारा धरावा. उसाच्या हिशेबात साखर तेवढी मोजतात, पण कारखाना भुशावर चालतो.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. एका एकरात ४ किलो ज्वारी पेरून ३ क्विंटल २० किलो उत्पन्न झाले. बियाण्यामागे उतारा किती पट?

२. कारखान्याचा उतारा १०.७५ टक्के झाला, तर वर दिलेल्या दराने एका टनास किती रुपये होतील?

३. १००० रुपयांच्या रोख्यावर दरसाल ६० रुपये व्याज आहे. तो ७५० रुपयांस घेतल्यास उतारा शेकडा किती? भाव इतका का उतरला असावा, ह्याची दोन कारणे लिहा.

४. एक गृहस्थ पैसे चार वर्षांत दुप्पट करून देण्याचे वचन देतो. ७२ च्या युक्तीने दर काढा, आणि त्यास विचारावयाचे तीन प्रश्न लिहा.

५. घरातील वडील माणसांस विचारून, त्यांच्या लहानपणी आपल्या शेतात ज्वारीचा उतारा कसा मोजीत ते दहा ओळींत लिहा. हा उतारा मात्र कोणाच्या वहीतून उतरून घेऊ नये.